उन्हाळ्यात ‘जाड ऑइल’चा सल्ला तपासून घ्यावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाचा कडाका वाढू लागला की गाडीची निगा कशी राखावी याविषयीचे लेख आणि चौकटी वृत्तपत्रांतून येऊ लागतात. टायरमधली हवा, कूलंट, बॅटरी, एसी यांबद्दलचे त्यांतले सल्ले बहुधा योग्य असतात. पण इंजिन ऑइलचा विषय निघाला की ‘उष्ण हवेत जाड ऑइल वापरावे’ एवढ्या एका वाक्यात तो आटोपला जातो. गॅरेजमध्येही हेच ऐकायला मिळते. हे वाक्य पूर्णपणे खोटे नाही आणि म्हणूनच ते जास्त फसवे आहे. इंजिनांच्या दुरुस्तीशी आणि वंगणाशी माझा बराच काळ संबंध आला आहे, आणि या अर्धवट सल्ल्यापोटी चांगल्या इंजिनांत न चालणारे ऑइल ओतले जाताना मी पाहिले आहे. म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडण्याची परवानगी मागतो.

डब्यावर ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे जे आकडे, म्हणजे ऑइलचे ग्रेड, छापलेले असतात, ते एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या ‘जे ३००’ या मानकातले आहेत. या वर्गीकरणाची सुरुवात १९११ साली झाली आणि तेव्हापासून त्यात वेळोवेळी भर पडत गेली. फार पातळ तेलांसाठीचे १६, १२ आणि ८ हे ग्रेड तर २०१३ आणि २०१५ या वर्षांत आले. या जोडनावातला डब्ल्यू हे अक्षर विंटरचे, म्हणजे हिवाळ्याचे आहे, आणि त्याच्या आधीचा आकडा ऑइल गोठवणाऱ्या थंडीत कसे वागते एवढेच सांगतो. ५डब्ल्यू हा शिक्का मिळवायचा तर ऑइलची एक चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, ज्यात स्टार्टरला इंजिन फिरवता येईल का ते पाहतात, आणि दुसरी उणे ३५ अंशांना, ज्यात पंप ते ऑइल ओढू शकेल का ते तपासतात. १५डब्ल्यूसाठी हीच तापमाने उणे २० आणि उणे २५ आहेत, आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ आणि उणे २०. जिथे पारा शून्याच्या जवळपासही फिरकत नाही तिथे या आकड्यावरून ऑइलच्या उन्हाळ्यातल्या वागण्याचा काहीही अंदाज बांधता येत नाही. तरीही ‘पाचवाले ऑइल पातळ, ते उन्हात टिकणार नाही, वीसवाले घ्या’ असे सर्रास सांगितले जाते. ५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइले १०० अंशांना एकाच ग्रेडमध्ये बसतात. फरक आहे तो थंडीतला.

‘पण सकाळी गाडी चालू करताना ५डब्ल्यू फार पातळ नसेल का?’ ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांतच आहे. ऑइलचा दाटपणा, म्हणजे शास्त्रीय भाषेतली श्यानता, सेंटिस्टोक या एककात मोजतात; खोलीतल्या साध्या पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक असते. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या ५डब्ल्यू-३० ऑइलची श्यानता ४० अंशांना ६० सेंटिस्टोकच्या आसपास असते आणि १०० अंशांना ती साडेदहाच्या जवळ येते. गाडी भर उन्हात उभी राहून इंजिनाचे धूड आणि चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले, ऑइल ४५ अंशांपर्यंत तापले, तरी त्या क्षणी ऑइलची श्यानता ५० सेंटिस्टोकच्या आसपास भरते, म्हणजे इंजिन गरम होऊन चालत असताना असते त्याच्या जवळपास पाचपट. ज्या ऑइलवर इंजिन तासन्‌तास साडेदहा सेंटिस्टोकवर चालवण्यासाठी बनवले आहे, तेच ऑइल पन्नास सेंटिस्टोकला त्याला पातळ पडेल हे संभवत नाही. उष्ण प्रदेशातदेखील सुरू होतेवेळी ऑइल गरजेपेक्षा दाटच असते. १५डब्ल्यू-४० घेतले तर ४० अंशांना ते ११० सेंटिस्टोकच्या घरात असते आणि २०डब्ल्यू-५० त्याहूनही बरेच वर. सुरुवातीच्या काही सेकंदांत कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोहोचायला ही ऑइले उलट जास्त वेळ घेतात.

आता दुसरा आकडा. तो १०० अंशांना मोजलेल्या श्यानतेवरून ठरतो: ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असेल तर ३०, १२.५ ते १६.३ असेल तर ४०, आणि १६.३ ते २१.९ असेल तर ५०. उष्णतेचा खरा प्रश्न या आकड्याशी निगडित आहे, पण तिथेही बाहेरची हवा थेट मध्ये येत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि मग गरजेपुरतीच उघडतो. त्यामुळे हवा २० अंशांची असो वा ४० अंशांची, सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने चाललेल्या गाडीचे कूलंट जवळपास त्याच तापमानाला राहते आणि ऑइलही साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान स्थिरावते. अशा वापरात पारा वर गेला म्हणून ऑइल बदलण्याचे कारण नाही.

चित्र बदलते ते थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर. भरलेली गाडी लांबलचक घाट चढते आहे, मागे ट्रेलर आहे, एसी पूर्ण क्षमतेने चालू आहे, वेग कमी असल्याने रेडिएटरवर वारा येत नाही. अशा वेळी थंड करण्याची सारी क्षमता आधीच वापरात आलेली असते आणि थर्मोस्टॅटच्या हातात काही उरत नाही. त्यानंतर बाहेरची हवा जितक्या अंशांनी जास्त तापलेली असेल, जवळपास तितक्याच अंशांनी कूलंटही जास्त तापते, आणि त्याच्या मागोमाग ऑइल. म्हणजे उष्ण हवामान इंजिनाला जाणवते ते भाराच्या वाटेने. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना त्यामुळे दोन वेगळे ग्रेड योग्य ठरू शकतात: कार्यालयात जाऊन येणाऱ्या गाडीला तिच्यासोबत मिळालेल्या उत्पादकाच्या पुस्तिकेतला पहिला ग्रेड, आणि दिवसभर माल किंवा प्रवासी भरून चढाव चढणाऱ्या गाडीला त्याच पुस्तिकेत परवानगी असलेला वरचा ग्रेड. केवळ तापमापक पाहून दिलेला सल्ला या दोघांना एकाच रांगेत बसवतो.

वरचा ग्रेड घेतल्याने नेमके किती हाती लागते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. वर सांगितलेले ५डब्ल्यू-३० तापून १२० अंशांवर गेले तर त्याची श्यानता साडेदहावरून साधारण ७ सेंटिस्टोकवर उतरते, आणि १३० अंशांना ती ६ च्या आसपास येते. नेहमीचे १५डब्ल्यू-४० जवळपास ११५ अंशांना तितकेच दाट असते जितके ते ५डब्ल्यू-३० १०० अंशांना असते. म्हणजे ग्रेडची एक पायरी चढणे हे ऑइलच्या तापमानातल्या सुमारे १२ ते १५ अंशांच्या वाढीची भरपाई करणे आहे. ऑइल खरोखर तेवढे जास्त तापत असेल तर पायरी चढण्यात अर्थ आहे. तापत नसेल तर इंजिन वर्षभर त्याच्या रचनेपेक्षा दाट ऑइलवर चालत राहते.

आणि १०० अंशांचा हा आकडादेखील पूर्ण गोष्ट सांगत नाही. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये काय घडते ते पाहू. शाफ्ट आणि बेअरिंगचे कवच यांच्यात केसाहूनही कमी जाडीची फट असते. शाफ्ट मिनिटाला काही हजार फेरे घेत असतो आणि पिस्टनवरच्या स्फोटाचा दाब त्याच पातळ थरावर येऊन आदळतो. त्या जागी ऑइल चेंबरपेक्षा बरेच जास्त तापते, आणि दोन पृष्ठभागांच्या वेगातल्या फरकामुळे इतक्या जोराने फरपटले जाते की तापल्यावरही दाटपणा टिकावा म्हणून त्यात मिसळलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात आणि ऑइल तेवढ्यापुरते आणखी पातळ होते. या स्थितीतली श्यानता मोजण्यासाठी १५० अंशांची, प्रचंड वेगाने कातरण्याची एक वेगळी चाचणी आहे; जाणकार तिला ‘एचटीएचएस’ म्हणतात. ती मिलिपास्कल-सेकंदांत मोजतात. ‘जे ३००’नुसार २० ग्रेडच्या ऑइलला ती किमान २.६ असावी लागते, ३० ला २.९, ४० ग्रेडमध्ये ०डब्ल्यू, ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५, तर १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू-४० ला ३.७.

उष्ण हवेत भार वाहणाऱ्या गाडीच्या मालकाने विचारावा असा आकडा हाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण एकाच ५डब्ल्यू-३० या नावाखाली दोन फार वेगळी ऑइले विकली जातात. युरोपातल्या एसीईए या मोटार उत्पादकांच्या संघटनेच्या वर्गीकरणात ए५/बी५ या वर्गातल्या ऑइलची एचटीएचएस २.९ ते ३.५ यांच्या मधे ठेवलेली असते, कारण ते इंधनबचतीसाठी बनवलेले असते; ए३/बी४ किंवा सी३ वर्गातल्या ऑइलला मात्र ती किमान ३.५ असावीच लागते. समोरच्या बाजूला दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० असेच असते. ग्राहक ग्रेड पाहतो आणि डबा उचलतो. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत लिहिलेल्या वर्गाकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या इंजिनाच्या पुस्तिकेत सी३ मागितले आहे त्यात त्याच ग्रेडचे ए५ ओतले, तर घाटात, भर दुपारी, बेअरिंगवरचा थर निर्मात्याने धरला होता त्यापेक्षा पातळ पडतो. शिवाय ज्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राख सोडणारे सी वर्गातले ऑइलच लागते. तिथे उन्हाळ्यासाठी म्हणून जुन्या धाटणीचे जाड ऑइल घातले तर तो फिल्टर हळूहळू तुंबत जातो.

मग सरळ जाडच का घेऊ नये, असे विचारले जाईल. इंजिनाचा ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेल्या मापाचे ऑइल ढकलतो. ऑइल दाट असले की ते बारीक वाटांतून जाताना जास्त अडते, दाब चढतो, आणि दाब मर्यादेबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ते ऑइल बेअरिंगला न जाता परत चेंबरमध्ये येते. मीटरवर काटा वर दिसतो आणि मालकाला समाधान वाटते. वास्तविक तो काटा अडथळा दाखवत असतो, पोहोचलेल्या ऑइलचे प्रमाण नव्हे. बेअरिंगमधून वाहणारे ऑइल तिथली उष्णताही वाहून नेते. ते कमी वाहिले, आणि दाटपणामुळे त्याच्या थरांतले आपसातले घर्षणही वाढले, तर ज्या तापण्याच्या भीतीने जाड ऑइल घातले तेच बेअरिंगमध्ये वाढू शकते. पिस्टनला खालून थंड करणाऱ्या ऑइलच्या फवाऱ्यांचेही असेच आहे. नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा, टायमिंग चेनचा ताणक आणि व्हॉल्व्हची फट आपोआप राखणारे टॅपेट हे सगळे ऑइलच्या दाबावर आणि वेगावर चालतात. त्यांची छिद्रे ठरावीक श्यानता धरून पाडलेली असतात. ऑइल फार दाट झाले की ही यंत्रणा उशिरा हलते, इंजिनाचा दिवा लागतो, आणि गाडी सेन्सर बदलण्याच्या फेऱ्यात अडकते. इंधन जास्त लागते ते वेगळेच.

फार पातळ ऑइलचे नुकसान अधिक उघड असते. वंगणाचा थर पुरेसा जाड असेल तोवर धातू धातूला लागत नाही; थर एका मर्यादेखाली गेला की पृष्ठभागांचे उंचवटे एकमेकांना घासू लागतात. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी घर्षणाचे हे बदलते वर्तन १९०२ मध्ये मोजून दाखवले आणि त्यांच्या नावाचा आलेख आजही प्रत्येक बेअरिंगच्या रचनेत वापरला जातो. त्या आलेखात सर्वांत कमी घर्षण अगदी पातळ टोकाला नसते आणि अगदी दाट टोकालाही नसते. मधे एक खोलगट भाग असतो. इंजिन बनवणारा आपले बेअरिंग, पंप आणि ऑइल मिळून त्या खोलगट भागाच्या सुरक्षित बाजूला राहील असे पाहतो, आणि पुस्तिकेतला ग्रेड हा त्या हिशेबाचा शेवटचा आकडा असतो.

पुस्तिकेबद्दल मात्र थोडे सावधपणे बोलले पाहिजे, कारण तिच्यातही सगळे नेहमी एका जागी मिळत नाही. एकाच इंजिनासाठी एका देशातल्या पुस्तिकेत फक्त ०डब्ल्यू-२० असते आणि दुसऱ्या देशातल्या पुस्तिकेत त्याच्यासोबत ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०, क्वचित १५डब्ल्यू-४० पर्यंतची पट्टी छापलेली असते. हा फरक केवळ हवामानाचा नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक उत्पादकाच्या गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेवर बंधन आहे, आणि अशा नियमांमुळे चाचणीत वापरलेले पातळ ऑइलच ग्राहकालाही सुचवले जाते. काही उत्पादक त्याच पानावर खाली असेही लिहितात की फार वेगाने किंवा फार भाराने गाडी चालवायची असेल तर अधिक श्यानतेचे ऑइल जास्त योग्य ठरू शकते. ही ओळ सहसा वाचली जात नाही. माझे म्हणणे एवढेच की आपल्या प्रदेशासाठी छापलेली पुस्तिका उघडावी, तिच्यात ग्रेडची पट्टी असेल तर भार, चढाव आणि रहदारी पाहून त्या पट्टीतच वर किंवा खाली सरकावे, आणि एकच ग्रेड दिला असेल तर तोच वापरून ऑइल लवकर बदलावे किंवा कंपनीला लेखी विचारावे. तोंडी सल्ल्यावर पट्टीबाहेर गेले आणि इंजिनात काही बिघडले, तर वॉरंटीच्या वेळी तो सल्ला देणारा समोर येत नाही.

हवेने थंड होणाऱ्या दुचाकींना वरचे बरेचसे विवेचन लागू पडत नाही, आणि उन्हाळ्याच्या सल्ल्यांत सर्वांत जास्त अन्याय त्यांच्यावरच होतो. तिथे थर्मोस्टॅट नाही, रेडिएटर नाही. हवा तापली की सिलिंडरच्या पंखांवरून उष्णता कमी निघते आणि ऑइल थेट जास्त तापते. सिग्नलला थांबलेल्या, चालू असलेल्या दुचाकीला तर वाराही मिळत नाही. अशा इंजिनात बाहेरचे तापमान खरोखर मोजून घ्यायची गोष्ट आहे, आणि पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० सोबत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला मुभा असेल तर कडक उन्हाळ्यात वरचा ग्रेड घेणे शहाणपणाचे आहे. मात्र बहुतेक मोटारसायकलींत तेच ऑइल गिअरबॉक्सला आणि त्यात बुडालेल्या क्लचलाही लागते. गिअरचे दाते ऑइलमधले पॉलिमर कायमचे तोडत राहतात, म्हणून ते पातळ होण्याचा वेग मोटारीपेक्षा जास्त असतो. आणि मोटारींच्या इंधनबचतीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लचला घसरवतात. त्यासाठी जपानी जेएएसओ मानकाचा एमए किंवा एमए२ हा शिक्का पाहणे ग्रेडइतकेच आवश्यक आहे. मोटारीत घालून उरलेले महागडे ऑइल मोटारसायकलीत ओतणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

पहिल्या आकड्याविषयी एक पुरवणी द्यायला हवी, नाहीतर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. उष्ण प्रदेशात ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचा थंडीतला गुण वापरला जात नाही, पण दोन आकड्यांतले अंतर निरर्थकही नसते. कमी डब्ल्यूसाठी मूळ तेल हलके घ्यावे लागते आणि वरचा ग्रेड गाठण्यासाठी त्यात पॉलिमर जास्त मिसळावे लागतात. मूळ तेल साधे खनिज असेल तर असे ऑइल कालांतराने पातळ होत जाते आणि गरम होऊन काही प्रमाणात उडूनही जाते. उडण्याचे प्रमाण मोजायला नोआक नावाची चाचणी आहे: ऑइल २५० अंशांना तासभर ठेवायचे आणि घटलेले वजन पाहायचे. मोटारींच्या अमेरिकी मानकात ही घट १५ टक्क्यांपर्यंत चालते, युरोपीय मानकाच्या बऱ्याच वर्गांत १३ टक्क्यांपर्यंतच. चांगल्या सिंथेटिक मूळ तेलात तापमानानुसार श्यानता मुळातच कमी बदलते, म्हणून त्याला पॉलिमरचा आधार कमी लागतो. तेव्हा कडक उन्हात चालणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेला ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही मान्य असतील, तर चांगले सिंथेटिक ५डब्ल्यू-४० किंवा चांगले १५डब्ल्यू-४० यांतले कोणतेही बिनघोर घ्यावे; मात्र स्वस्तातले, नुसते नाव लावलेले ०डब्ल्यू-४० टाळावे.

उष्णतेचा सर्वांत मोठा घाव ग्रेडवर पडत नाही, ऑइलच्या आयुष्यावर पडतो. ऑइलचे ऑक्सिडीकरण तापमानाच्या दर १० अंशांच्या वाढीला साधारण दुप्पट वेगाने होते असा ढोबळ नियम आहे. सतत १०० अंशांऐवजी १२० अंशांवर चालणारे ऑइल त्या हिशेबाने चौपट लवकर खराब होते; त्यात आम्ले साठतात, चिकटा बसतो, आणि जुनाट ऑइल आधी पातळ होऊन मग घट्ट होत जाते. उन्हाळ्यात ‘जाड ऑइल घातले, आता चिंता नाही’ म्हणून बदलण्याची मुदत लांबवणारे लोक म्हणूनच दुहेरी नुकसान करून घेतात. बहुतेक पुस्तिकांत कठीण वापरासाठी वेगळी, कमी किलोमीटरची मुदत दिलेली असते. धूळ, ओढकाम, तासन्‌तास गाडी चालू ठेवून उभे राहणे आणि तीव्र उष्णता हे सगळे त्या कठीण वापरात मोडते. पातळीचेही तसेच आहे. ऑइल मोजायच्या दांडीवरच्या खालच्या खुणेपाशी आलेले ऑइल कमी असते, तेवढेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरते आणि विश्रांती न मिळाल्याने जास्त तापते. वरच्या खुणेच्या पुढे भरले तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो, आणि फेसाळलेले ऑइल कितीही जाड असले तरी थर धरत नाही.

ऑइल दोन बोटांत चोळून ‘पातळ झाले’ असे सांगणाऱ्यांवर विसंबू नये, हेही नम्रपणे सुचवतो. बोटांना ऑइल तीस-पस्तीस अंशांचे लागते. त्या तापमानाला सगळीच ऑइले दाट असतात आणि १०० अंशांचा फरक बोटांना कळणे शक्य नाही. काळा रंगही बिघाडाचे लक्षण नसतो, डिझेलमध्ये तर ऑइल बदलल्यावर लगेच काळे होते. खरोखर विचारात घ्यावे असे लक्षण म्हणजे लांबच्या, भाराच्या प्रवासानंतर गरम इंजिन मंद गतीवर असताना ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकणे. ते दिसले तर इंजिन लगेच बंद करावे, थोड्या वेळाने पातळी पाहावी, आणि मग ऑइलमध्ये पेट्रोल किंवा डिझेल मिसळले आहे का, पंप किंवा बेअरिंग झिजले आहे का याचा तपास करावा. जुन्या, झिजलेल्या इंजिनात अशा वेळी जाड ऑइल घालून दिवा विझवता येतो. पण झीज तशीच राहते, आणि ती गाडी विकत घेणाऱ्याच्या माथी बसते.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रात उन्हाळी निगेची चौकट येईल तेव्हा ‘जाड ऑइल वापरा’ या ओळीच्या जागी ‘आपल्या पुस्तिकेतला ग्रेड आणि वर्ग पाहा, भार जास्त असेल तर पुस्तिकेने मान्य केलेला वरचा ग्रेड घ्या, आणि बदलण्याची मुदत कमी करा’ एवढे छापावे, ही विनंती. ऑइल उत्पादकांपुढेही आपण एक मागणी मांडावी असे वाटते. १०० अंशांची श्यानता आणि १५० अंशांची एचटीएचएस हे दोन आकडे ऑइल तयार करणाऱ्यांकडे असतातच, आणि श्यानतेचा आकडा तर तांत्रिक माहितीपत्रकात बहुधा दिलेलाही असतो. ते दोन्ही डब्याच्या मागच्या बाजूला, वाचता येतील अशा अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत छापायला अडचण काय आहे? आणि वाहन उत्पादकांनी पुस्तिकेच्या ऑइलच्या पानावर एकट्या ग्रेडच्या जागी तापमान आणि भारानुसार पट्टी द्यावी, तेच पान सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही लावावे, म्हणजे ऑइल ओतण्यापूर्वी ग्राहकाला ते बोटाने दाखवून विचारता येईल.

आपला,
एक नियमित वाचक